लिंबूटिंबू आणि हिमिको : हसऱ्या बाल-निंजाची गोष्ट

 

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे काय नवीन! पण सुरुवात ॲनिमेपासून नको, एका गच्चीपासून करू या.

मागच्या दिवाळीत मी हैदराबादला बहिणीकडे गेलो होतो. संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर पोरं पकडापकडी खेळत होती. कुणी मराठी, कुणी तेलुगू, कुणी हिंदी. त्यांत माझी धाकटी भाची, वय वर्षं सहा. मोठ्या पोरांनी खेळ सुरू होण्याआधीच जाहीर करून टाकलं, "ही लिंबूटिंबू." आपल्यातल्या काहींना हा शब्द 'कच्चा लिंबू' म्हणून ठाऊक असेल. इंदूरकडची मंडळी 'कच्चा नींबू' म्हणतात. अर्थ एकच. खेळात घेतलंय, पण मोजलेलं नाही. धावायचं, ओरडायचं, मजा करायची, पण पकडलं तरी आउट नाही आणि राज्यही येणार नाही.

दहा-पंधरा मिनिटं ती खिदळत धावली. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मामा, मला कुणी पकडतच नाही. मग मी खेळतेय की नाही?"

मंडळी, या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आलं नाही. पण तेव्हा मला हिमिको आठवली. त्या रात्री मी भाचीला हिमिकोची गोष्ट सांगितली, आणि आज तीच जरा सविस्तर तुम्हाला सांगणार आहे. कारण ॲनिमेमधला छोटा, हसरा निंजा म्हणजे वरवर पाहता लिंबूटिंबूच. नायक वेगळा, लढणारे वेगळे, आणि हे पोर आपलं सोबतीला. पण खरंच तसं आहे का?

कोण ही हिमिको?

१९८८ सालची मालिका आहे. जपानी नाव 'माशिन एइयूदेन वातारू'. 'एइयूदेन' म्हणजे वीरकथा. 'माशिन' म्हणजे अद्भुत शक्तीचा देव, आणि उच्चार करून बघा, आपल्या ओळखीच्या 'मशीन'शी तो जुळतो. ही गंमत मुद्दाम केलेली आहे, कारण गोष्टीतले हे माशिन म्हणजे बुटके, मोठ्या डोक्याचे, यंत्रासारखे योद्धे आहेत. मालिका बनवली सनराइझ या स्टुडिओनं, म्हणजे 'गंडाम' बनवणाऱ्यांनीच. दिग्दर्शक शूजी इउची. एप्रिल १९८८ ते मार्च १९८९ या काळात तिचे ४५ भाग झाले.

कथा साधी आहे. वातारू हा चौथीतला मुलगा. व्हिडिओ गेमचा वेडा. शाळेत हस्तकलेच्या तासाला तो मातीचा एक ड्रॅगन-योद्धा बनवतो. मग तो ओढला जातो एका निराळ्या जगात. तिथे सोकाइझान नावाचा पर्वत आहे, त्याचे सात थर आहेत. पर्वतावर सात रंगांचं इंद्रधनुष्य होतं, पण दोआकुदा नावाच्या दुष्ट सत्ताधीशामुळे त्याचे रंग गेलेत. एकेक थर मुक्त करत वर चढायचं आणि एकेक रंग परत मिळवायचा. वातारूनं बनवलेली मातीची मूर्ती तिथे खरी होते आणि त्याचा माशिन बनते. नाव र्यूजिनमारू.

ज्यांनी ऐंशीच्या दशकातले जपानी गेम पाहिलेत त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. 'ड्रॅगन क्वेस्ट' १९८६ साली आला होता आणि जपानी मुलांना त्यानं वेड लावलं होतं. एक प्रदेश, त्याचा एक म्होरक्या, त्याला हरवलं की पुढचा प्रदेश. आणि अशा खेळात एकट्यानं जायचं नसतं, टोळी लागते. वातारूला वाटेत टोळी भेटते.

पहिला शिबाराकू. पोट सुटलेला, फुशारक्या मारणारा, पण मनानं चांगला तलवारबाज. त्याचं नाव एका प्रसिद्ध काबुकी नाटकाचं आहे, अर्थ 'जरा थांबा'. दुसरा कुरामा, पक्ष्याच्या रूपात अडकलेला माणूस, जो आधी शत्रूचा हेर असतो आणि मग यांचा होतो. आणि तिसरी आपली हिमिको. छोटीशी मुलगी. निंजा. सदा हसणारी. हसणंही कसं, तर गालातल्या गालात नाही. खदाखदा, तोंड भरून.

आडनावातली गंमत

जरा आडनावांकडे बघू, कारण त्यांत एक मजा आहे. वातारूचं आडनाव इकुसाबे, शिबाराकूचं त्सुरुगीबे, हिमिकोचं शिनोबिबे. शेवटी प्रत्येकाला 'बे' लागलाय. प्राचीन जपानमध्ये दरबारासाठी पिढीजात एकेक काम करणारे गट असत, त्यांना 'बे' म्हणत. विणणारे, भांडी घडवणारे, असे. आपल्याकडे सुतार, लोहार, जोशी, कुलकर्णी ही आडनावं कामावरून आली, तसंच काहीसं. म्हणजे इकुसाबे झाले लढाईवाले, त्सुरुगीबे तलवारवाले आणि शिनोबिबे शिनोबीवाले.

आणि ही एवढीशी पोर या शिनोबिबे घराण्याची प्रमुख आहे, बरं का! कुणाच्या हाताखालची नाही. सरदारीणच.

नावाचंही तसंच. हिमिको हे नाव जपानी मुलं इतिहासाच्या पुस्तकात वाचतात. तिसऱ्या शतकातली राणी हिमिको. जपानच्या भूमीवरची नावानिशी माहीत असलेली ही अगदी जुनी राज्यकर्ती. तिची माहिती येते चिनी बखरीतून, कारण तिनं इ.स. २३९च्या सुमारास चीनमधल्या वेई राज्याकडे वकील पाठवले होते. आता बघा, टोळीतली सगळ्यांत लहान व्यक्ती, आणि नाव मात्र सगळ्यांत जुन्या राणीचं. जपानी मुलाला हे नाव ऐकताच हसू येत असणार. आपल्याकडे बालवाडीतल्या मुलीला कुणी 'अहिल्याबाई' अशी हाक मारावी, तसं.

निंजा आणि खदाखदा हसू?

आता एक शंका येते. निंजा म्हणजे लपणारा. मग हसून सगळ्या गावाला आपला पत्ता सांगणारी मुलगी निंजा कशी?

थोडं इतिहासात जाऊ. 'निंजा' हा उच्चार विसाव्या शतकात लोकप्रिय झाला. त्याआधी 'शिनोबी' हा शब्द जास्त चालायचा. या शब्दाचं जे मूळ चिन्ह आहे त्यात वरच्या भागात आहे शस्त्राचं पातं आणि खाली आहे हृदय. अर्थ दोन: लपणं आणि सोसणं. काळजावर पातं ठेवलेलं असताना हूं की चूं न करणं, असंच म्हणा ना.

शिनोबींचे प्रसिद्ध प्रदेश दोन, इगा आणि कोगा. हे डोंगराळ, एकमेकांशेजारचे भाग आहेत. १५८१ साली ओदा नोबुनागानं मोठं सैन्य घेऊन इगा चिरडून टाकलं. पुढे तोकुगावांच्या काळात देशात शांतता आली, हेरांना काम कमी उरलं, आणि मग ही विद्या विसरली जाऊ नये म्हणून लोकांनी ती लिहून काढली. १६७६ साली फुजिबायाशी यासुताकेनं 'बानसेनश्यूकाइ' हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात हत्यारं, शिड्या, दारू उडवणं हे सगळं आहे, पण सुरुवात होते ती मन शुद्ध ठेवण्यापासून. कारण ज्याला चोरीची सगळी कला येते त्याचं मन ताळ्यावर नसेल तर तो नुसता चोर.

याच काळातला आणखी एक ग्रंथ आहे, १६८१चा 'शोनिन्की'. त्यात शिनोबीनं घ्यायची सात सोंगं दिली आहेत. भिक्षू, डोंगरात तप करणारा साधू, व्यापारी वगैरे. आणि त्या सातांत रस्त्यावर खेळ करून दाखवणारा आणि नाटकवाला हेही आहेत! म्हणजे आपल्याकडच्या बहुरूप्यासारखं. लोकांना हसवणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार? तो गावात येतो, पोरं त्याच्यामागे धावतात, पहारेकरीसुद्धा हसतो आणि दार उघडं राहतं.

तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातलेला, मुका, गंभीर निंजा हे चित्र बरंचसं नाटकांनी आणि चित्रांनी तयार केलेलं आहे. खरा शिनोबी साध्या माणसासारखा दिसायचा, आणि वेळ पडली तर विदूषकासारखाही. त्या हिशेबानं हिमिको अगदीच परंपरेबाहेरची नाही.

हसरं निंजा-पोर आलं कुठून?

लहान मुलाला निंजा करण्याची कल्पनाही १९८८मध्ये आकाशातून पडलेली नाही. तिचा प्रवास मोठा आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ओसाकाहून खिशात मावतील अशी स्वस्त पुस्तकं निघायची, 'ताचिकावा बुन्को' या नावानं. दुकानांत काम करणारी पोरंही ती वाचायची. त्यांत गाजला सारुतोबी सासुके. रानात माकडांबरोबर उड्या मारत वाढलेला मुलगा, त्याला गुरू भेटतो आणि तो निंजा होतो. तोपर्यंत गोष्टीतला निंजा बहुधा काळोखातला, भीती वाटावी असा असायचा. सासुके मात्र आनंदी, खोडकर, वाचणाऱ्या पोराला आपला वाटणारा. १९५९ साली तोएइ कंपनीनं या बाल-सासुकेवर पूर्ण लांबीचा रंगीत ॲनिमेशनपट काढला, आणि १९६१मध्ये तो अमेरिकेतही दाखवला गेला.

पुढची पायरी तुमच्या घरातल्या मुलांना पाठ असेल. 'निंजा हातोरी'! फुजिको फुजिओ ए या नावानं लिहिणाऱ्या मोतोओ आबिको यांनी ही मांगा १९६४ साली सुरू केली. ॲनिमे मालिका आली १९८१मध्ये. आपल्याकडे हिंदीतून ती इतकी चालली की पुढे तिचे नवे भाग भारत आणि जपान यांनी मिळून बनवले. त्यातला हातोरीचा धाकटा भाऊ शिंझो आठवतोय? तो रडायला लागला की आसपासच्यांना कानांवर हात ठेवून पळावं लागतं. त्याचं रडणं हेच त्याचं सगळ्यांत मोठं शस्त्र.

इथे जरा थांबू. लहान मुलाकडे काय असतं? ताकद नसते, विद्या अर्धवट असते. दोनच गोष्टी भरपूर असतात, रडणं आणि हसणं. मोठी माणसं या दोन्हींना 'गप्प बस' म्हणतात. या गोष्टी लिहिणाऱ्यांनी काय केलं, तर पोराच्या याच दोन गोष्टींना विद्येचा दर्जा दिला. शिंझोला रडणं दिलं, हिमिकोला हसणं. आणि मूल पडद्यासमोर बसून पाहतं की ज्याबद्दल आपल्याला ओरडा बसतो, त्यानंच तिथे शत्रू हैराण होतोय. त्याला आनंद का होणार नाही?

टोळीत तिचं काम काय?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. अशा साहसकथेत हे हसरं पोर नेमकं काय करतं? तीन कामं सांगतो.

पहिलं, ताण हलका करणं. हे सगळे जण सांगतात आणि ते खरंही आहे. वातारू नऊ-दहा वर्षांचा आहे, घरापासून लांब आहे, आणि सगळं जग त्याला तारणहार म्हणतंय. पाहणारं मूलही त्याच वयाचं. सतत गंभीर ठेवलं तर ते टीव्ही बंद करून आईला जाऊन बिलगेल. या मालिकेचं ब्रीदच होतं की गंमत आणि रुबाब दोन्ही एकाच वेळी हवेत. रुबाब वातारूकडे आणि त्याच्या ड्रॅगनकडे, गमतीचा मोठा वाटा हिमिकोकडे.

दुसरं काम जास्त मोलाचं. ती ठरवलेल्या गोष्टी मोडते. मोठी माणसं बेत आखतात, आणि तोवर ही भलतीकडेच पोचलेली असते. तिची निंजाविद्या वापरली की काय होईल याचा नेम नाही. लेखकाच्या दृष्टीनं हे सोन्यासारखं असतं. सात थरांची, ठरलेल्या पायऱ्यांची गोष्ट आहे. प्रत्येक थरात म्होरक्या येणार, हरणार, रंग परत येणार. प्रेक्षकाला हे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कळून चुकतं. मग पुढे काय होणार याची उत्सुकता टिकवायची कशी? टोळीत एक असा जीव ठेवायचा की जो आराखड्याला जुमानत नाही.

तिसरं काम सगळ्यांत मोठं, आणि त्यासाठी तोराओची ओळख करून द्यावी लागेल. तोराओ हा दोआकुदाचा मुलगा म्हणून वाढलेला राजपुत्र. उर्मट, हट्टी, पण एकटा. तो आणि वातारू भेटतात तेव्हा कुणालाच दुसऱ्याची खरी ओळख ठाऊक नसते. ते खेळतात, मित्र होतात. आणि तोराओला हिमिको मनापासून आवडते. इतकी की ही माझी बायको होणार असं तो लहान मुलांच्या खास हट्टानं सांगत सुटतो.

नंतर कळतं की हे दोघं एकमेकांचे शत्रू आहेत. इथे मालिका खऱ्या अर्थानं जड होते. वातारूपुढे प्रश्न आहे की मित्राशी लढायचं कसं. तोराओपुढे प्रश्न आहे बाप की मित्र. पण हिमिको? तिच्या लेखी बदललेलं काहीच नसतं. काल खेळायला होता तो आजही तोच आहे. ती कुणाला भाषण देत नाही, समेट घडवायला जात नाही. ती त्याच्याकडे पाहून कालच्यासारखीच हसते. मोठ्यांच्या भांडणात दोन घरांतली मुलं जिन्यात बसून एकच चॉकलेट वाटून खातात, ते आपण पाहिलेलं आहे ना, तसं. पुढे तोराओ कुठल्या कुळातला, तो खरा कोण, हे उलगडतं. ते मी सांगत नाही, तुमची मजा जाईल. पण तो परत येऊ शकेल असं पाहणाऱ्याला वाटत राहतं, यात हिमिकोचा वाटा मोठा आहे. शत्रूच्या गोटातल्या मुलाला 'इकडे ये' म्हणणारं एक तरी माणूस लागतं.

हसण्यामागचा आवाज

हिमिकोचा आवाज आहे मेगुमी हायाशिबारा यांचा. तेव्हा त्यांना या क्षेत्रात येऊन दोनच वर्षं झाली होती. त्यांनी नर्सिंगचं शिक्षण घेतलं होतं आणि त्याच वेळी आवाजाच्या अभिनयाचंही. पुढे त्या जपानमधल्या सर्वांत नावाजलेल्या आवाजांपैकी एक झाल्या. 'इव्हँजेलियन'मधली रेइ आयानामी त्यांचीच. जवळजवळ न हसणारी, हळू, सपाट बोलणारी मुलगी. आणि 'पोकेमॉन'च्या जपानी आवृत्तीत टीम रॉकेटची जेसीही त्यांचीच.

वातारूचा आवाज मायुमी तानाका यांचा. तुमच्या घरात कुणी 'वन पीस' जपानीत बघत असेल तर हा आवाज रोज ऐकू येत असेल, कारण लुफीही त्यांचाच.

हे सांगायचं कारण असं. हसणं हा आवाजाच्या अभिनयातला फार अवघड भाग असतो. शब्द लिहिलेले असतात, हसणं लिहिता येत नाही. प्रत्येक भागात तेच हसू आलं तर कंटाळा येतो. घाबरल्यावरचं, जिंकल्यावरचं, दुसऱ्याला चिडवतानाचं, असं प्रत्येक हसू वेगळं काढावं लागतं. रेइ आयानामीचा थंडपणा आणि हिमिकोचा धबधबा एकाच गळ्यातून येतो हे कळलं की मग दोन्हींचं मोल कळतं.

एक आक्षेप, आणि तो बरोबर आहे

आता दुसरी बाजू. अशा पात्रांबद्दल तक्रार असते, आणि ती मला पटते. टोळीत मुलगी एकच, आणि तिलाच हसरं, गोड, अल्लड करून ठेवलं. निर्णय वातारूचे, पश्चात्ताप कुरामाचा, द्विधा तोराओची, आणि हिमिकोला काय, तर खी खी. शिवाय या मालिकांच्या मागे खेळण्यांची कंपनी उभी असते. वातारूचे माशिन ताकारा कंपनीनं बाजारात आणले होते. लहान, रंगीत, आनंदी पात्र दुकानात बरं खपतं, हे लिहिणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना दोघांना कळतं.

याहून मोठा धोका घरातला आहे. 'आमची ना, सदा हसत असते' असं आपण एखाद्या मुलीबद्दल कौतुकानं बोलतो. मग ती हसत नसली की घरच्यांना चुकल्यासारखं वाटतं. हळूहळू हसणं हे तिचं काम होऊन बसतं. पाहुणे आले, हसव. आईबाबा भांडले, हसव. तिला स्वतःला काय वाटतंय हे विचारायचं राहूनच जातं. अशी मुलं मी पाहिलीत. तुम्हीही पाहिली असतील. कदाचित तुमच्यापैकी कुणी स्वतःच तसं मूल असाल.

म्हणून मी हिमिकोकडे पुन्हा पाहिलं, आणि मला एक फरक दिसला. हिमिको कुणासाठी हसत नाही. वातारू उदास आहे म्हणून ती हसत नाही, तिला काहीतरी गमतीचं वाटलं म्हणून हसते. कधी कधी तर बाकीच्यांना ते मुळीच रुचत नाही. हसणं तिचं स्वतःचं आहे. आणि तिला माशिनही आहे, गेनजिनमारू, बाकीच्या योद्ध्यांसारखाच. वेळ आली की तीही लढते, तिलाही मार बसतो. म्हणजे ती लिंबूटिंबू नाही. तिला राज्य येतं.

हाच धागा 'नारुतो'मध्येही सापडतो. कोनोहामारू आठवा. त्याचं आडनाव सारुतोबी, म्हणजे त्या जुन्या स्वस्त पुस्तकांतल्या सासुकेचं नाव इथवर पोचलं! कोनोहामारू गावप्रमुखाचा नातू. सगळे त्याला आदरानं 'नातूसाहेब' म्हणतात आणि त्याचा राग तोच आहे: मला माझ्या नावानं कुणी बघतच नाही. नारुतो मात्र त्याला साध्या पोरासारखा वागवतो, टपली मारतो, आणि म्हणून तो नारुतोला गुरू मानतो. लाडानं बाजूला बसवणं आणि बरोबरीनं खेळायला घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना हा फरक फार लवकर कळतो.

पुन्हा गच्चीवर

तर मंडळी, भाचीच्या प्रश्नाकडे परत येतो. "मग मी खेळतेय की नाही?"

लिंबूटिंबूचा नियम आपल्या लोकांनी चांगल्या मनानं केलाय, हे मला मान्य आहे. लहानग्याला घरी हाकलण्यापेक्षा तो कितीतरी बरा. तीन वर्षांच्या पोराला तो हवाच. पण त्याला एक मुदत असायला हवी. सहाव्या-सातव्या वर्षी कधीतरी मूल स्वतः सांगतं की आता मला मोजा. ते ऐकू यायला हवं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या पोरांना हिमिकोची थोडी गोष्ट सांगितली आणि म्हटलं, आज हिला खऱ्यात घ्या. त्यांनी कुरकुर केली, पण घेतलं. तिसऱ्या मिनिटाला ती पकडली गेली. राज्य आलं. मग ती वीस मिनिटं धावली आणि तिला कुणीच सापडेना. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. तिच्या दादाला दया आली. तो म्हणाला, "असू दे, तू लिंबूटिंबूच राहा."

त्यावर ती अशी काही ओरडली की खालच्या मजल्यावरचे काका वर आले. "नाही! माझं राज्य आहे!"

शेवटी एक पोरगा पाय घसरून पडला आणि तिनं त्याला हात लावला. तो मुद्दाम पडला की खरंच घसरला, मला ठाऊक नाही. ती मात्र हसली. आदल्या दिवशीच्या हसण्यापेक्षा हे हसू जरा वेगळं होतं, आणि ते कुणाला दाखवण्यासाठी नव्हतं.

'वातारू' आज पाहायचं झालं तर मूळ मालिकेबरोबरच तिचे पुढचे अवतारही आहेत. दुसरा भाग १९९० साली आला, आणि अगदी २०२५ मध्येही 'वातारू' नावानं नवी मालिका सुरू झाली. मुलांबरोबर बसून पाहा. आणि पाहताना एक करा. नायक कोण, खलनायक कोण, हे विचारू नका, ते मुलांना आपल्याआधी कळतं. टोळीतलं सगळ्यांत लहान कोण आणि त्याला कुणी मोजतंय का, एवढंच विचारा. मुलं काय उत्तर देतात ते ऐकून घ्या. त्यात बहुधा त्यांची स्वतःची गोष्ट असते.

आज इथेच थांबू. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.